कुलूपबंद घराचा मालक शोधताना
दूरस्थ मालकांच्या मालमत्तांची खरेदी : महादेवपुरा परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घर बांधणे हेच मोठे दिव्य होते. आजच्या महानगरात घर बांधण्याचा योग क्वचितच येतो; घर शोधावे लागते आणि विकत घ्यावे लागते. शोध घेणारा बहुधा वृत्तपत्रातील जाहिराती, दलाल आणि बांधकाम व्यावसायिकांची कार्यालये एवढ्यापुरताच मर्यादित राहतो. परंतु प्रत्येक वसाहतीत काही घरे अशी असतात की, ज्यांच्या दारावर ‘विकणे आहे’ अशी पाटी नसते; असते ते केवळ कुलूप. दाराच्या फटीत अडकलेली वीजबिले, सज्जातील वाळलेली तुळस आणि सोसायटीच्या फलकावर थकबाकीदारांच्या यादीत वर्षानुवर्षे झळकणारा तोच क्रमांक, एवढीच त्या घराची ओळख असते. अशा घराचा मालक दूर कोठेतरी असतो. त्याला घर विकावयाचे असते, पण विकण्यास सवड नसते. किंवा विकता येईल हा विचारच त्याच्या मनात आलेला नसतो.

बाजारात न आलेल्या अशा मालमत्ता शोधून गुंतवणूक करण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत जुनी आहे. आपल्याकडेही ती हळूहळू रूढ होत आहे. या मार्गाने घर वाजवी किमतीत मिळू शकते, हे खरे. तथापि मालकाचा पत्ता मिळविणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. समोर आलेली व्यक्ती खरोखर मालक आहे काय, तो एकटाच मालक आहे काय आणि विक्रीस त्याची मनःपूर्वक संमती आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविणे हे खरे काम आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही भागांचा विचार करावयाचा आहे.

दूरस्थ मालक म्हणजे कोण?

जो मालक आपल्या मालमत्तेत स्वतः राहत नाही आणि तिची प्रत्यक्ष देखभालही करू शकत नाही, त्यास दूरस्थ मालक म्हणता येईल. मराठी वाचकास ही कल्पना नवी नाही. कोकणातील चाकरमान्यांची बंद घरे पिढ्यान् पिढ्या आपण पाहत आलो आहोत. शेतजमिनीच्या बाबतीत तर गैरहजर जमीनदार हा कायद्याचाच विषय झाला. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणाऱ्या कुळांना मालकीचा मार्ग खुला झाला. कर्नाटकातही १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातील जमिनी शासनाकडे निहित झाल्या. जमिनीपासून दूर राहणाऱ्याचा हक्क कालांतराने क्षीण होतो, हा धडा त्या पिढीने अनुभवातून घेतला. शहरातील सदनिका व भूखंडांना कूळ कायदा लागू नसला, तरी या धड्याचे तात्पर्य आजही तेवढेच खरे आहे.

महादेवपुऱ्याची पार्श्वभूमी

बेंगळुरूच्या पूर्वेस असलेला महादेवपुरा परिसर या अभ्यासासाठी अतिशय बोलका आहे. येथील व्हाइटफील्ड ही वसाहत १८८०च्या दशकात म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविण्यात आली. स्वातंत्र्यानंतर त्या समाजातील अनेक कुटुंबे इंग्लंड व ऑस्ट्रेलियाकडे गेली. अर्थात मालक परदेशी आणि घर येथे, हे चित्र या भागास संगणक येण्यापूर्वीपासूनच परिचित आहे.

१९९०च्या दशकात भारत व सिंगापूर यांच्या सहकार्यातून व्हाइटफील्डजवळ आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि आसपासच्या खेड्यांचे रूप पालटले. शेतजमिनींवर ३० × ४० फुटांचे भूखंड पडले. बेंगळुरूत या भूखंडाला सर्वजण ‘साइट’च म्हणतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेल्या कित्येक मराठी अभियंत्यांनी येथे साइट किंवा सदनिका घेतली. त्यांतील काही पुढे परदेशी गेले, काही पुण्यास परतले, काहींनी शहराच्या दुसऱ्या टोकास घर केले. मालमत्ता मात्र होती तेथेच राहिली.

प्रशासनही या काळात अनेकदा बदलले. महादेवपुऱ्याची स्वतंत्र नगरपरिषद २००७ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या आणि हा परिसर बेंगळुरू पूर्व महानगरपालिकेत गेला. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशा प्रत्येक टप्प्यावर नोंदवह्या बदलल्या. दूर असलेल्या मालकाची नोंद मागेच राहून जाण्याचा संभव त्यामुळे वाढला. दुसरीकडे मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती शहराच्या मध्यभागाशी जोडली गेली. गरुडाचारपाळ्य, हुडी, कुंदलहळ्ळी या स्थानकांच्या परिसरातील घरांना मागणी आहे. मागणी येथे आणि मालक दूर, अशी ही स्थिती आहे.

मालकाचा माग कसा काढावा?

पहिले साधन म्हणजे स्वतःचे पाय. ज्या भागात घर घ्यावयाचे आहे, तेथे निवांतपणे फिरावे. गाजर गवत माजलेली, कुंपण घातलेली पण वर्षानुवर्षे रिकामी असलेली साइट, कायम बंद खिडक्या असलेली सदनिका यांची नोंद करावी. रिकाम्या भूखंडावर बहुधा मालकाची पाटी असते.

दुसरे साधन म्हणजे सदनिकाधारकांचा संघ. व्यवस्थापकास कोणते घर बंद आहे, हे ठाऊक असते. त्याच्याकडे मालकाचा दूरध्वनी क्रमांक मागू नये. आपले पत्र मालकाकडे पोहोचविण्याची विनंती करावी. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि सभ्यता, दोहोंच्या दृष्टीने हाच मार्ग योग्य होय.

तिसरे साधन सरकारी नोंदींचे. येथे महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडील सातबाराच्या जागी कर्नाटकात ‘पहाणी’ म्हणून ओळखला जाणारा उतारा असतो व तो ‘भूमी’ या संगणकीय प्रणालीवर पाहता येतो. नगर हद्दीतील मालमत्तेचे ‘खाते’ असते. आपल्याकडील रेडीरेकनरला तेथे मार्गदर्शक मूल्य म्हणतात. नोंदणी कार्यालयातील व्यवहारांचा गोषवारा ऋणभार प्रमाणपत्रात मिळतो आणि ते ‘कावेरी’ या संकेतस्थळावरून मागविता येते. ऑक्टोबर २०२४ पासून बेंगळुरूत विक्रीच्या नोंदणीसाठी ई-खाते आवश्यक करण्यात आले. अनेक दूरस्थ मालकांना आपले खाते अद्ययावत नसल्याचा बोध त्या निमित्तानेच झाला.

चौथे साधन म्हणजे ओळखीपाळखी. मंडळे, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, जुने सहकारी यांच्याकडून ‘अमक्याचे घर तेथे पडून आहे’ अशी माहिती सहज मिळते. मराठी कुटुंबांच्या बाबतीत हे साधन इतर सर्वांहून प्रभावी ठरते.

पहिले पत्र

माग लागल्यावर पहिला संपर्क पत्राने करावा. मजकूर थोडका आणि स्पष्ट असावा. उदाहरणार्थ : ‘आपली हुडी येथील सदनिका काही काळ बंद असल्याचे दिसते. आमच्या कुटुंबास या परिसरात घर घ्यावयाचे आहे. विक्रीचा विचार असल्यास कृपया कळवावे. नसल्यास हे पत्र विसरून जावे, पुन्हा तसदी दिली जाणार नाही.’ पत्रात किंमत लिहू नये. थकबाकीचा वा कायद्याचा धाक दाखवू नये. उत्तर न आल्यास काही महिन्यांनी एकदा स्मरण देण्यास हरकत नाही. त्यापुढे मात्र थांबावे. मालकाचे नुकतेच निधन झालेले असल्यास कुटुंबीयांच्या दुःखाचा फायदा घेतल्यासारखे होईल असे एकही वाक्य लिहिले जाऊ नये.

एक उदाहरण

पुढील विवेचन सुलभ व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. निपाणीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांची मुलगी महादेवपुऱ्यात नोकरीस आहे. तिच्यासाठी दोन शयनगृहांची सदनिका घ्यावयाची आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील मोठा भाग प्राध्यापक देणार आहेत आणि उरलेल्यासाठी मुलगी गृहकर्ज घेणार आहे. हुडीजवळ चार वर्षे बंद असलेल्या सदनिकेचा त्यांना माग लागतो. मालक २००६ मध्ये ती घेऊन २०१२ मध्ये परदेशी गेलेले आहेत. त्यांचे कोल्हापूरला राहणारे बंधू कुलमुखत्यार आहेत. बाजारभाव ९० लाख रुपयांचा. बंधू ८२ लाखांना तयार होतात आणि १० लाख रुपये इसार म्हणून आपल्या स्वतःच्या खात्यात भरण्यास सांगतात. ‘दादा तिकडे, मी इकडे, घरचाच मामला आहे,’ असे ते म्हणतात. माणूस सज्जन आहे, भाषा आपली आहे, किंमतही चांगली आहे. प्राध्यापकांनी धनादेश लिहावा काय?

लिहू नये. का, ते आता क्रमाने पाहू.

कागदपत्रांची छाननी

सर्वप्रथम मूळ खरेदीखत पाहावे. आपल्या उदाहरणात ते पाहिल्यावर ध्यानात येते की, सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावावर आहे. मुखत्यारपत्र मात्र केवळ पतीने दिलेले आहे. म्हणजे बंधूंना फार तर अर्धा हिस्सा विकता येईल. पत्नीने स्वतंत्र मुखत्यारपत्र दिल्याशिवाय वा प्रत्यक्ष येऊन सही केल्याशिवाय व्यवहार पूर्ण होऊ शकत नाही. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. ‘वहिनींची सही कशाला?’ एवढाच निष्काळजीपणा असू शकतो. परिणाम मात्र एकच.

त्यानंतर मागील ३० वर्षांचा मालकीचा शोध अनुभवी वकिलाकडून घ्यावा. सदनिकेच्या बाबतीत तिच्याखालील जमिनीचाही शोध त्यात येतो. महादेवपुऱ्यात पुढील बाबी विशेषत्वाने पाहाव्यात.

१. मूळ शेतजमीन रीतसर बिगरशेती झाली होती काय? तशी न झालेल्या जमिनीवरील अनेक साइट ‘ब’ खात्यात आढळतात. ‘अ’ व ‘ब’ खात्यांतील फरक किमतीत दिसतो, तसाच कर्ज मिळण्यातही दिसतो. खाते ही कर आकारणीची नोंद होय. केवळ तिच्या आधारे मालकी सिद्ध होत नाही.

२. जमीन शासनाने अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीस दिलेली होती काय? अशा जमिनींच्या हस्तांतरणावर कर्नाटकच्या १९७८च्या कायद्याने निर्बंध आहेत. परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबास परत जाऊ शकते. २०२३च्या दुरुस्तीने अशा मागणीवरील कालमर्यादेची अडचणही दूर केली. मधल्या काळात कितीही हस्तांतरणे झाली असली, तरी हा दोष नाहीसा होत नाही.

३. जवळून तलावाचा पाणलोट किंवा ‘राजकालुवे’ म्हणजे पावसाळी पाण्याचा मोठा नाला जातो काय? सप्टेंबर २०२२च्या पुरात महादेवपुरा विभागास मोठा फटका बसला व त्यानंतर नाल्यांवरील अतिक्रमणे हटविण्याची मोहीम याच भागात सुरू झाली. बंद घर उन्हाळ्यात पाहून समाधान मानू नये. पावसाळ्यात पुन्हा एकदा पाहावे.

४. दुसऱ्या बँकेचे कर्ज शिल्लक आहे काय? ऋणभार प्रमाणपत्राबरोबरच २०११ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय तारण नोंदणी संस्थेच्या, म्हणजेच ‘सेरसाई’च्या संकेतस्थळावर अल्प शुल्कात शोध घेता येतो. मूळ कागदपत्रे ‘कोठेतरी ठेवली आहेत’ असे उत्तर मिळाल्यास हा शोध टाळू नये.

५. ताबा खरोखर मालकाकडेच आहे काय? मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे व सलग १२ वर्षे ताबा ठेवणाऱ्यास मुदतीच्या कायद्याचा आधार मिळू शकतो. अशी व्यक्ती स्वतः दावा दाखल करूनही मालकी मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. साइटच्या कोपऱ्यात राहणारा पहारेकरी किती वर्षांपासून तेथे आहे आणि कोणाच्या परवानगीने, हे विचारून घ्यावे.

मूळ मालक हयात नसल्यास वारसांचा प्रश्न येतो. कर्नाटकात महसूल खात्याकडून मिळणारा ‘वंशवृक्ष’ हा दाखला उपयोगी पडतो. मालमत्ता वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर मुलींचा हक्क विसरता येत नाही. २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीस जन्मतःच सहहिस्सेदार मानले आणि वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. ‘बहिणी काही मागणार नाहीत’ हे आश्वासन प्रेमळ असले, तरी सर्व बहिणींच्या सह्या खतावर असणे अधिक श्रेयस्कर.

या छाननीच्या जोडीला स्थानिक कन्नड व इंग्रजी वृत्तपत्रांत जाहीर सूचना द्यावी व हरकतींसाठी पुरेशी मुदत ठेवावी.

कुलमुखत्यारपत्राची कसोटी

दूरस्थ मालकाच्या व्यवहारात हा दस्त केंद्रस्थानी असतो आणि फसवणुकीचा शिरकावही येथूनच होतो. केवळ मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात दिला. मालकी केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. त्या खतावर मालकाच्या वतीने सही करण्याचा अधिकार, एवढेच मुखत्यारपत्राचे कार्य होय.

मुखत्यारपत्र परदेशात झाले असल्यास ते भारतीय वकिलातीसमोर किंवा तेथील नोटरीसमोर साक्षांकित असावे लागते आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्यात विक्रीचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत आहे काय, मालमत्तेचे वर्णन अचूक आहे काय, हे पाहावे. सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्र देणारा मृत्यू पावताच किंवा त्याने ते रद्द करताच मुखत्याराचा अधिकार संपतो. दहा वर्षांपूर्वीचे मुखत्यारपत्र समोर आल्यास मालक हयात व राजी आहेत याची खातरजमा त्यांच्याशी थेट संपर्क साधून करावी. मुखत्याराने जोडून दिलेल्या दूरध्वनीवर विसंबू नये. संघाच्या दफ्तरातील पत्ता, कार्यालयीन पत्ता अशा स्वतंत्र मार्गाने संपर्क साधावा. शक्य असेल तेथे या एकाच व्यवहारापुरते नवे विशेष मुखत्यारपत्र मागावे. प्रामाणिक मालकास त्यात अवघड असे काही नसते.

विक्रेता अनिवासी असल्यास

येथे सर्वाधिक चुका होतात. विक्रेता निवासी भारतीय असेल आणि किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. बहुतेकांना एवढाच नियम माहीत असतो. विक्रेता अनिवासी असल्यास नियम निराळा आहे. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरील १२.५ टक्के दर, अधिक अधिभार व उपकर, या हिशेबाने कपात करावी लागते आणि विक्रेत्याने आयकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नसेल, तर व्यवहारात ती संपूर्ण किमतीवर केली जाते. आपल्या उदाहरणात १ टक्क्याने ८२,००० रुपये होतात, १२.५ टक्क्यांनी, अधिभार व उपकर न धरताही, १०.२५ लाख. कमी कापलेल्या रकमेची जबाबदारी खरेदीदारावर येते आणि पैसे घेऊन विक्रेता तर परदेशी असतो! म्हणून विक्रेत्याचा निवासी दर्जा साठेखतातच नमूद करून घ्यावा आणि प्रमाणपत्रासाठी लागणारा कालावधी मुदतीत धरावा.

रक्कम मालकाच्या स्वतःच्या खात्यात जावयास हवी. अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठी अनिवासी सामान्य खाते असते. तेथून करभरणा व विहित कागदपत्रांनंतर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. त्यामुळे ‘दादांना तिकडे पैसे नेता येत नाहीत, म्हणून माझ्या खात्यात भरा’ या कारणात तथ्य नसते. प्राध्यापकांनी धनादेश का लिहू नये, याचे दुसरे उत्तर हेच. स्थावर व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यासही आयकर कायद्याने मनाई आहे.

स्वस्त किती स्वस्त?

आता हिशेब मांडू. बाजारभाव ९० लाख व ठरलेली किंमत ८२ लाख. म्हणजे दर्शनी लाभ ८ लाखांचा. बेंगळुरूत ४५ लाखांवरील किमतीस मुद्रांक शुल्क ५ टक्के असून ऑगस्ट २०२५च्या अखेरीस नोंदणी फी १ टक्क्यावरून २ टक्के झाली. अधिभार व उपकरासह हा खर्च सुमारे ७.६ टक्के येतो. मार्गदर्शक मूल्य ८२ लाखांहून कमी आहे असे धरल्यास हा खर्च ६.२३ लाख होईल. ९० लाखांवर तो ६.८४ लाख झाला असता. म्हणजे येथेही ०.६१ लाखाची बचत झाली.

आता दुसरी बाजू. सोसायटीचे ४,००० रुपये दरमहा याप्रमाणे ४८ महिन्यांचे थकलेले १.९२ लाख, मालमत्ता कराची थकबाकी ०.३८ लाख, वकील व जाहीर सूचना ०.४० लाख, बंद घराची दुरुस्ती २.५० लाख आणि १० लाखांचा इसार सहा महिने अडकून पडल्याने ८.४ टक्के दराने बुडालेले व्याज ०.४२ लाख. एकूण ५.६२ लाख. (थकबाकी विक्रेत्याने भरावी असा आग्रह धरता येतो व धरावाही.) सर्व वजा जाता ८.६१ लाखांच्या बचतीतून सुमारे ३ लाख उरतात. हा लाभ नगण्य नाही. परंतु तो सहा महिन्यांच्या श्रमाचा आणि कागदपत्रांच्या जोखमीचा मोबदला आहे, हे ओळखून पाऊल टाकावे.

घर भाड्याने देण्यासाठी घेतले जात असेल, तर आणखी एक गणित करावे. एकूण खर्च ९३.८५ लाख आणि दरमहा ३०,००० रुपये भाडे धरल्यास वार्षिक ढोबळ उत्पन्न सुमारे ३.८ टक्के येते. गृहकर्जाचे व्याज याहून अधिक असते. केवळ भाड्यातून हप्ता फिटेल, ही अपेक्षा ठेवू नये.

कर्जाच्या बाबतीत, ३० लाख ते ७५ लाखांच्या कर्जास मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि या किमतीच्या घरासाठी त्या मूल्यात मुद्रांक व नोंदणी खर्च धरला जात नाही. उदाहरणातील मुलीस अधिकाधिक ६५.६० लाख मिळू शकतील. उरलेले १६.४० लाख आणि नोंदणीचे ६.२३ लाख मिळून २२.६३ लाख घरातूनच उभे करावे लागतील. दुरुस्ती वगैरे वेगळेच. इसार देण्यापूर्वी कागदपत्रे बँकेच्या वकिलास दाखवावीत. बँकेची छाननी म्हणजे विलंब, असे अनेक ग्राहकांना वाटते. वस्तुतः निवृत्तीच्या पुंजीवरील तो एक पहारा असतो.

दूरस्थ मालकांनी घ्यावयाची काळजी

या अंकाचे अनेक वाचक खरेदीदार नसून स्वतःच दूरस्थ मालक असतील. ज्या साधनांनी प्रामाणिक खरेदीदार बंद घर शोधतो, त्याच साधनांनी तोतयाही ते शोधतो. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

• मालमत्ता कर व सोसायटीचे शुल्क दरवर्षी वेळेवर भरावे व पत्ता अद्ययावत ठेवावा.
• ई-खाते आपल्या नावे योग्य नोंदींसह तयार करून घ्यावे.
• वर्षातून एकदा ऋणभार प्रमाणपत्र मागवून अनोळखी नोंद नाही ना, हे पाहावे.
• रिकाम्या साइटला कुंपण घालावे. पाटीवर मालकाचे नाव पुरे. मूळ खताचा क्रमांक वगैरे तपशील लिहू नये.
• घर भाड्याने देताना लेखी करार करावा व त्याचे नूतनीकरण करीत राहावे.
• विक्रीचा अधिकार देणारे व्यापक मुखत्यारपत्र ‘असू द्यावे जवळ’ म्हणून देऊन ठेवू नये. देखभालीसाठी देखभालीपुरतेच द्यावे.
• मूळ कागदपत्रांची यादी पत्नी वा पतीस व मुलांस सांगून ठेवावी.

सहकाऱ्यांसाठी दोन शब्द

दूरस्थ मालकांची सर्वांत अचूक यादी बँकेच्या शाखेतच असते. अनिवासी खातेदार, त्यांचे पत्ते, त्यांची तारणे हे सर्व आपल्यासमोर असते. एखादा स्नेही सहजच विचारतो, ‘अमुक साहेब परदेशी आहेत ना? त्यांचा नंबर मिळेल?’ अशा वेळी नकार देणे हेच कर्तव्य होय. ग्राहकाच्या व्यवहारांची गुप्तता राखण्याचे बंधन राष्ट्रीयीकृत बँकांवर १९७०च्या कायद्यातील कलम १३ने घातलेले आहे. फार तर विचारणाऱ्याचे पत्र ग्राहकाकडे पाठवावे की नाही, हे शाखाधिकाऱ्यांनी नियमांच्या चौकटीत ठरवावे. हेतू चांगला असला, तरी माहिती आपली नसते. ती ठेव म्हणून सोपविलेली असते.

समारोप

आपल्या उदाहरणातील प्राध्यापकांनी धनादेश परत खिशात ठेवला, असे समजू. त्यांनी परदेशस्थ पती-पत्नींना पत्र लिहिले. दोघांनी नवे विशेष मुखत्यारपत्र केले, कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळविले, थकबाकी भरण्याचे मान्य केले. सहा महिने लागले आणि कोल्हापूरच्या बंधूंचा थोडा रोषही ओढवला. पण खरेदीखतावर ज्यांची नावे हवी होती त्या सर्वांची नावे आली. असे झाले नसते आणि मालकांनी नकार दिला असता, तरी प्राध्यापकांचे नुकसान एका पत्राच्या टपालखर्चापलीकडे गेले नसते.

बंद घराचे कुलूप कोणत्याही किल्लीवाल्यास उघडता येते. मालकीचे कुलूप मात्र मालकाच्याच सहीने उघडावे लागते. जो खरेदीदार त्या सहीची वाट पाहण्यास तयार आहे, त्याच्यासाठी दूरस्थ मालकांची घरे ही निश्चितच चांगली संधी आहे.